किलोचा भाव आणि कामाचा भाव

आपल्यापैकी पुष्कळ घरांतील पुरुषांनी गॅरेजमध्ये उमेदवारी करून संसार उभा केला. त्यांचे ज्ञान हातात होते. ते कोणी कागदावर उतरवले नाही. अशा कारागिराच्या पश्चात घरात जे लोखंड उरते त्याला शेजारीपाजारी भंगार म्हणतात, आणि घरचेही हळूहळू तसेच म्हणू लागतात. पण भंगार कोणते आणि माल कोणता, हे ओळखणारे माणूस कधी कधी घरातच असते. आमच्या घरात ते निघाले. त्याविषयी आज लिहिते आहे.

माझ्या वडिलांचे मुकुंदवाडीला पत्र्याच्या शेडमध्ये लहानसे गॅरेज होते. हेल्पर म्हणून लागले आणि पुढे मिस्त्री झाले. त्यांच्या हाताखालून फियाट, ॲम्बेसेडर आणि जीप या तीन जातींच्या गाड्या सर्वात जास्त गेल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाजारात आणली. तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. २००० सालानंतर तिचे उत्पादन थांबले. ॲम्बेसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. गाड्या गेल्या, गिऱ्हाईक गेले, आणि वडीलही २०२२ साली गेले. शेडमध्ये तीन जुने गिअरबॉक्स राहिले.

भंगारवाला आला. त्याने तिन्हींकडे एकदाच पाहिले आणि किलोचा भाव सांगितला. आई म्हणाली, "थांबा दादा, आधी धुऊन बघू." तीस वर्षे वडील गिअरबॉक्स खोलत होते आणि आई एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन गोणपाटावर क्रमाने मांडत होती. त्या कामाची मजुरी तिला कोणी दिली नाही. गॅरेजच्या वहीत तिचे नावही नाही. पण कोणता दाता कुठे बसतो हे तिच्या डोळ्यांना पाठ झाले होते.

आईने ओळख कशी पटवली, ते सविस्तर सांगते. उपयोगी पडेल.

पहिली खूण गिअरच्या दांड्याची. जुन्या फियाटला आणि ॲम्बेसेडरला दांडा स्टिअरिंगखाली असे. अशा गिअरबॉक्सच्या डोक्यावर दांडा नसतो, तो ओढण्यासाठी बाहेर छोटे लिव्हर असतात. आमच्याकडच्या जीपच्या गिअरबॉक्सला मात्र दांडा थेट झाकणावरच होता.

दुसरी खूण फेऱ्यांची. दोन्ही शाफ्टांवर खडूने रेघ मारायची, गिअर टाकायचा आणि इंजिनकडचा शाफ्ट हाताने फिरवून मोजायचे. जीपच्या टी-९० जातीच्या तीन गिअरच्या डब्यात पहिल्या गिअरात तीनला थोडे कमी फेरे दिले की मागचा शाफ्ट एकदा फिरतो. फियाटला जवळपास चार फेरे लागतात. शेवटच्या गिअरात दोन्ही शाफ्ट बरोबरीने फिरतात. मात्र ॲम्बेसेडरचा पहिला गिअरही चारच्या जवळ येतो, तेव्हा एवढ्यावर भागत नाही.

म्हणून तिसरी खूण. भिंतीवरच्या खिळ्याला वडिलांनी फियाटची जुनी क्लच प्लेट अडकवून ठेवली होती. आईने ती शाफ्टच्या खाचांवर चढवून पाहिली. एका डब्यावर ती सरकन बसली, दुसऱ्यावर बसेना. फियाट कोणता ते ठरले. ओतीव अक्षरे आणि ठोकलेले आकडे नंतर वाचले. आकड्यांवरून जात कळायला मदत होते, पण आतली तब्येत कळत नाही.

तब्येत पाहण्यासाठी तेल काढावे. तळाशी बारीक काळा गाळ असला तर तो वापराचा. पितळी चमक दिसली तर रिंगा किंवा बुश झिजले. लोखंडी कपचे निघाले तर दाते किंवा बेरिंग गेले. मग झाकण उघडून पहिला आणि रिव्हर्स गिअर पाहावा. या जुन्या गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नसे. गाडी पूर्ण न थांबवता तो टाकला की दाते कुरतडले जात. शेवटी शाफ्ट वर-खाली, पुढे-मागे हलवून ढिलाई पाहावी, आणि बोल्टच्या कानांवर वेल्डिंगचा डाग शोधावा.

आमचा फियाटचा डबा निरोगी निघाला. ॲम्बेसेडरचा पहिला गिअर बाद होता, पण बाकीचे भाग चांगले होते. जीपच्या डब्याचा कान तुटून जोडलेला होता आणि दातेही गेले होते. तो आईने घासाघीस न करता किलोनेच दिला.

उरलेल्यांची किंमत काढण्याची वडिलांची रीत सरळ होती. समजा, दुरुस्त करून दिलेला तसा गिअरबॉक्स बाजारात १२ हजारांना जातो. बेरिंग, रिंगा, ऑइल सील यांचे ४ हजार वजा, मजुरीचे २ हजार वजा, आणि न दिसणाऱ्या दोषासाठी १ हजार वजा. उरले ५ हजार. हे आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून आहेत, भाव त्या दिवशीचा विचारावा. बेल हाउसिंग, लिव्हर, स्पीडोमीटरचा गिअर सोबत असला तर किंमत चढते. गिअरबॉक्स सुटा आणि अपुरा असला तर उतरते.

आता या मालाला नवे गिऱ्हाईकही आहे. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमची गेली. दुसरीकडे, केंद्राच्या २०२१ च्या नियमाने ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. १९७४ ची पद्मिनी आज त्या वयाची झाली आहे. जुनी गाडी जपणारे हौशी लोक स्टिअरिंगखालच्या दांड्याचाच मूळ गिअरबॉक्स शोधतात. आमचा डबा अशाच एका गृहस्थांनी नेला. आईने त्यांना खडूच्या रेघा मारून फेरे मोजून दाखवले. त्यांनी भाव पाडून मागितला नाही. ॲम्बेसेडरचे भाग एका मिस्त्रींनी घेतले. भंगारवाल्याने तिन्हींचे मिळून जे सांगितले होते त्याच्या कितीतरी पट रक्कम आईच्या हाती आली, आणि ती तिने स्वतःच्या नावाच्या खात्यात भरली.

ज्यांच्या घरात असा माल पडून आहे त्यांनी तो धुऊन, प्रत्येक नगाला पत्र्याची चिठ्ठी बांधावी. गाडी कोणती, दोष कोणता, केव्हा काढला, एवढे लिहावे. विकताना आणि घेताना नावानिशी पावती करावी, कारण गाडीच्या आर.सी.वर इंजिन आणि चेसिसचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. मिस्त्री हयात असतील तर मुलामुलींनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. आणि त्यांच्या शेजारी बसून ज्या माउलीने रॉकेलमध्ये हात घातले, तिला विचारल्याशिवाय वजनकाट्यावर काही चढवू नये.