हिरवे चौकोन म्हणजे गुणवत्ता?

मुलाखतीत आम्हाला विचारले गेले, "तुमचे गिटहब रिकामे का?" दिवसभर आम्ही लिहिलेला कोड कंपनीच्या मालकीचा, तो जगाला दाखवता येत नाही. रात्री वस्तीतल्या पोरांना शिकवतो, त्याचे हिरवे चौकोन प्रोफाइलवर उमटत नाहीत. फुकट कोड लिहायला मोकळी संध्याकाळ, स्वतःचा लॅपटॉप, शांत कोपरा लागतो. ही गुणवत्ता नव्हे, वारशाने मिळालेली सवड आहे! २०१६ साली गिटहबनेच सलग दिवसांची मोजणी प्रोफाइलवरून काढली. भरती करणारे मात्र अजून चौकोनच मोजतात. काम तपासायचे तर सर्वांना सारखा प्रश्न, सारखा वेळ आणि त्या वेळेचा मोबदला द्या. मित्रांनो, रिकाम्या प्रोफाइलची लाज बाळगू नका. उलट विचारा, मोजताय काय: कौशल्य की सवड?

जय भीम!