हिरव्या सरोवराकाठची प्रवचने

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याला पाण्याचा तोटा नाही. आपल्या कोकणात दर वळणाला जसा एखादा वहाळ आडवा येतो, तशी तिथे दर काही मैलांवर सरोवरे भेटतात. पण त्या गर्दीतही ‘ग्रीन लेक’चा मान वेगळा. राज्याच्या अंतर्भागातले हे सर्वांत खोल नैसर्गिक सरोवर. खोली सुमारे २३६ फूट. गावाचे नाव तेच आणि जिल्ह्याचेही तेच. गोरे लोक येण्यापूर्वी हा मुलूख हो-चंक लोकांचा होता. पुढे तो शिकागोच्या श्रीमंतांच्या उन्हाळी हवापालटीचा झाला, आणि त्यानंतर याच काठावर बॅप्टिस्ट पंथाच्या उपदेशकांची वर्दळ सुरू झाली.

श्रीमंतांचे राज्य इथे आले ते व्हिक्टर लॉसन यांच्या घरातून. ‘शिकागो डेली न्यूज’ या वर्तमानपत्राचे हे मालक. पत्र सुरुवातीला एका सेंटला विकले जाई. पण थेंबाथेंबाने तळे साचते म्हणतात, तसे इथे सेंटासेंटाने अख्ख्या तळ्याचा काठ साचला! त्यांच्या पत्नी जेसी एकदा सरोवरात नौकाविहार करीत असता वादळ उठले, नौकेने एका टोकाला आसरा घेतला, आणि ती जागा बाईंच्या मनात भरली, अशी कथा तिथे सांगतात. १८८८ साली त्यांनी थोडी जमीन घेतली. ती वाढत वाढत अकराशे एकरांच्या घरात गेली. वाडा, बागा, गोठे, पाण्याचे उंच मनोरे असा सारा सरंजाम उभा राहिला. ‘लॉसोनिया’ हे त्याचे नाव.

जेसीबाई १९१४ साली वारल्या, लॉसन १९२५ साली. वारस नव्हता. शिकागोच्या एका जमीनजुमल्याच्या कंपनीने मालमत्ता घेतली, मोठे हॉटेल बांधले, १९३० साली गोल्फचे मैदान खुले केले. पण मुहूर्त चुकला. महामंदीने धनिकांचेच खिसे रिकामे केले होते. गोल्फ खेळायला येणार कोण? शेवटी १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, नॉर्दर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या संघाने ही सारी वास्तू विकत घेतली. विलासाचे घर परमार्थाकडे आले. गोल्फचे मैदान मात्र टिकले ते टिकलेच. आजही त्याची कीर्ती उपदेशकांच्या कीर्तीपेक्षा दूर पोचलेली आहे. देवाला याचे वाईट वाटत असेल असे नाही.

बॅप्टिस्टांना अशी जागा हवी तरी कशाला? याचे उत्तर त्यांच्या घडणीत आहे. जाणत्या वयात, स्वतःच्या निश्चयाने पाण्यात बुडून घेतलेला बाप्तिस्मा तेवढा खरा, असे हे मानतात. त्यांच्यात पोप नाही, हुकूम काढणारा बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपापल्या घरची धनी. आपल्या वारकऱ्यांत जसे फड निराळे, दिंड्या निराळ्या, प्रत्येकाची शिस्त निराळी, तसेच काहीसे. मग एकमत व्हावे कसे? आज्ञा करता येत नाही. फक्त समजूत घालता येते. त्यासाठी माणसे एका ठिकाणी गोळा करावी लागतात आणि कोणी तरी उभे राहून बोलावे लागते. अशा पंथाचे सारे बळ शब्दात असते.

इथल्या जागांची नावे वाचत फिरणे म्हणजे या पंथाचा इतिहास चाळणे. जुन्या हॉटेलला नाव दिले रॉजर विल्यम्स यांचे. धर्मश्रद्धेत राज्याने नाक खुपसू नये, असे म्हणून मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेला आणि १६३६ साली प्रॉव्हिडन्सची वसाहत वसवणारा हा माणूस. लॉसन यांच्या एका मनोऱ्याचे नाव झाले ‘जडसन टॉवर’. हे नाव वाचून मराठीच्या मास्तराने थबकायला हवे.

अडोनिरम जडसन हे १८१२ साली अमेरिकेहून हिंदुस्थानात निघालेल्या पहिल्या मिशनरी तुकडीतले. निघाले तेव्हा ते बॅप्टिस्ट नव्हते. सागरप्रवासात ग्रंथ वाचता वाचता त्यांचे मत पालटले, आणि कलकत्त्यास पोचल्यावर त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. तिथून ते ब्रह्मदेशात गेले; ब्रह्मी भाषेत बायबल आणि तिचा कोश ही त्यांची आयुष्याची कमाई. पण त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईला उतरले. त्यांनी ज्याचा पाया घातला ते अमेरिकन मराठी मिशन. नारायण वामन टिळकांचा आणि पर्यायाने लक्ष्मीबाईंचा ज्याच्याशी संबंध आला, तेच. हॉल १८२६ साली नाशिककडच्या फेरीत पटकीने गेले. म्हणजे विस्कॉन्सिनमधला तो मनोरा आणि अहमदनगरचे मिशन ही एकाच प्रवासाची दोन टोके आहेत. त्याही आधी श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी या इंग्रज बॅप्टिस्टाने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी लिपीतला कोश छापला होता. उपदेश करायचा तर आधी ऐकणाऱ्याची भाषा शिकावी लागते, एवढे या मंडळींनी पक्के ओळखले होते.

परंतु या पंथाच्या घरात एक जुनी भेगही होती. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावे की नाही, या वादावर १८४५ साली अमेरिकन बॅप्टिस्ट दुभंगले. दक्षिणेचे वेगळे झाले. ग्रीन लेक घेणारे ते उत्तरेचे. गुलामगिरी गेली, पण वर्णभेद गेला नाही. आणि गुलामगिरीच्या विरुद्ध बाजूला उभे राहिलेल्यांच्या वारसांनाही हा प्रश्न चुकवता येण्यासारखा नव्हता.

२३ जुलै १९५६ रोजी या सरोवराकाठी सत्तावीस वर्षांचा एक कृष्णवर्णी उपदेशक बोलायला उभा राहिला. नाव मार्टिन ल्यूथर किंग. माँटगोमेरीतला बसबहिष्कार डिसेंबर १९५५ पासून चालू होता. जानेवारीत किंग यांच्या घरावर बाँब पडला होता. कनिष्ठ न्यायालयाचा निकाल अनुकूल लागला होता, पण शेवटचा निवाडा व्हायचा होता. हजारो माणसे अजून पायीच कामावर जात होती. अशा वेळी त्यांनी वांशिक सलोख्याचा अहिंसक मार्ग समजावून सांगितला. हा मार्ग भित्र्यांचा नव्हे. प्रतिपक्षाला लोळवायचे नाही, त्याचे मन जिंकायचे. झुंज माणसाशी नाही, अन्यायाच्या व्यवस्थेशी आहे. हात आवरायचा तसा मनातला द्वेषही आवरायचा. आणि हा मार्ग या युगात गांधींनी चालून दाखवला, हे सांगायला ते विसरले नाहीत.

गांधी त्यांच्यापर्यंत पोचले तेही बरेचसे बॅप्टिस्ट उपदेशकांच्या मुखातून. हॉवर्ड थर्मन १९३६ साली बार्डोलीला गांधींना भेटले. त्याच वर्षाच्या अखेरीस बेंजामिन मेज वर्ध्याला आले. त्यांनी अहिंसेविषयी विचारले, तसेच जातिभेदाविषयीही विचारले. हेच मेज पुढे मोरहाउस कॉलेजात किंग यांचे गुरू झाले. पाठोपाठ मॉर्डेकाय जॉन्सन यांचे हिंदुस्थानच्या प्रवासावरचे प्रवचन किंग यांनी फिलाडेल्फियात ऐकले आणि तडक जाऊन गांधींवरची पुस्तके विकत घेतली. तेव्हा ते शिकत होते क्रोझर सेमिनरीत, म्हणजे उत्तरेच्या बॅप्टिस्टांच्याच विद्यालयात.

वर्ध्यात मेज यांनी विचारलेला तो दुसरा प्रश्न आपल्याला सोडत नाही. किंग ग्रीन लेकला बोलले त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, वर्ध्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. एकाने आपल्याच धर्मातल्या भावंडांची समजूत घालण्याची वाट धरली. दुसऱ्याने ती वाट पुरेशी चालून पाहिली होती, म्हणून घर सोडले. कोणती वाट खरी, याचा निवाडा तिऱ्हाइताने करू नये. ज्याच्या पायात काटा, त्यानेच चाल ठरवायची.

१९५९ साली किंग हिंदुस्थानात आले. पहिल्यांदा उतरले ते मुंबईत, आणि पदपथावर झोपलेली माणसे पाहून अस्वस्थ झाले. याच दौऱ्यात मणिभवनात गांधींच्या खोलीत त्यांनी मुक्काम केला. केरळात एका मुख्याध्यापकाने दलित मुलांना त्यांची ओळख ‘अमेरिकेतले एक अस्पृश्य’ अशी करून दिली, तेव्हा आधी राग आला आणि मग ते पटले, असे त्यांनी १९६५ साली एका प्रवचनात सांगितले. उपदेशक मोठा असतो तो अशा वेळी, जेव्हा त्याला कोणी तरी एका वाक्यात उपदेश करते आणि तो ऐकून घेतो.

ग्रीन लेकसारख्या स्थळाचे मोल मला यातच दिसते. तिथे येणारे श्रोते बहुधा स्वतःच आपापल्या गावचे बोलणारे. वर्षभर दुसऱ्यांना सांगायचे आणि चार दिवस खाली बसून ऐकायचे, हा तिथला परिपाठ. त्या जुलैतल्या श्रोत्यांपैकी किती जणांनी परत गेल्यावर आपल्या मंडळीची दारे खरोखर उघडली, हे कोणत्याही मनोऱ्यावर कोरलेले नाही. व्याख्यानमाला आपल्याकडेही कमी नाहीत. सभा संपल्यावर प्रत्येकजण आपल्या घरी जातो, आणि वक्त्याचा शब्द खरा की खोटा हे त्या घरच्या उंबऱ्यावर ठरते.