चाळीसगावचा टांगा आणि लळिंगचा बंगला

जळगावहून धुळ्याला जायला दोन वाटा आहेत. एस.टी.ने गेले तर एरंडोल, पारोळा करीत सरळ धुळे. रेल्वेने गेले तर आधी मुंबईच्या दिशेने चाळीसगावपर्यंत यायचे, तिथे गाडी बदलायची आणि धुळ्याच्या फाट्यावरील छोट्या गाडीने पुन्हा उत्तरेकडे निघायचे. ही वाट लांबची आणि खोळंब्याची. कामाच्या माणसाने एस.टी.च धरावी. पण वर्षातून एकदा, जुलैच्या अखेरीस, मी घरच्या मंडळींना घेऊन मुद्दाम रेल्वेने जातो. ‘आपण या देशाचे आहोत’ म्हणजे नेमके काय, हे मुलांना समजावून सांगायचे असेल तर चाळीसगाव स्टेशनपासून लळिंगच्या डोंगरापर्यंतचा एवढा प्रवास पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

खानदेशाला देशभक्ती नवीन नाही. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. जळगाव जिल्ह्यातील फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. १ जुलै १९९८ रोजी तो वेगळा जिल्हा झाला. तिथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. त्या पोरांच्या तोंडची घोषणा गुजराती होती. म्हणून त्यांना कोणी परके म्हटले नाही. अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली, आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनीच उपोषण केले.

हा इतिहास आपल्या मुलांनी शिकलाच पाहिजे. त्या माणसांचा त्याग खोटा नव्हता. परंतु याच दोन जिल्ह्यांत देशाची आणखी एक परीक्षा झाली. ती ना मैदानात झाली, ना मंडपात. ती झाली चाळीसगाव स्टेशनबाहेर, टांग्याच्या अड्ड्यावर.

१९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमलेली होती. पूज्य बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि खानदेशच्या दोन जिल्ह्यांचे काम त्यांच्याकडे होते. काम आटोपून ते मुंबईला निघाले असता वाटेत चाळीसगावला उतरले. धुळे फाट्यावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी त्यांना करायची होती. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी स्टेशनावर येऊन, ‘आज रात्र आमच्याकडे मुक्काम करा’, असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी तो मानला. ते त्या गावी जाऊन परत आले, तेव्हा माणसे स्टेशनावर हार घेऊन उभी होती. तो दिवस होता २३ ऑक्टोबर १९२९.

महारवाडा स्टेशनापासून दोनेक मैलांवर, नदीपलीकडे. स्टेशनबाहेर टांगे पुष्कळ. तरीही बाबासाहेबांना तासभर थांबावे लागले. का थांबलो आहोत, हे त्यांना कोणी सांगेना. अखेर एक टांगा आला. बाबासाहेब त्यात बसले आणि बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी निघाली. थोडे अंतर जाते न जाते तोच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीपाशी वळण होते. फरशीला कठडा नव्हता, नुसते अंतराअंतरावर दगड लावलेले. तिथे घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब उचलून फरशीवर फेकले गेले आणि घोडा व टांगा नदीत कोसळला. ते बेशुद्ध पडले. त्यांचा पाय मोडला. महारवाड्यातल्या बाया, माणसे, लेकरे रडत ओरडत धावली आणि त्यांना उचलून घेऊन गेली.

खरी गोष्ट नंतर कळली. अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. आपल्या साहेबांनी पायी चालत यावे, हे आपल्या लोकांच्या मनाला पटेना. मग तोडगा निघाला: मालकाने टांगा भाड्याने द्यायचा, हाकायला माणूस महारांनी आणायचा. ज्याने लगाम धरला त्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. परदेशी वाचकांना अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावे म्हणून त्यांनी आपल्या आयुष्यातील असे काही प्रसंग इंग्रजीत लिहिले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने छापले. नावातच सगळे आले. व्हिसा लागतो परक्या देशात जायला. इथे कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या, विधिमंडळात बसणाऱ्या बॅरिस्टरला स्टेशनापासून दोन मैल जायला तो लागत होता, आणि देणारा होता दिवसाचे चार पैसे कमावणारा टांगेवाला!

मला त्या टांगेवाल्याचा विचार नेहमी करावासा वाटतो. तोही गरीबच. ना जमीन, ना शिक्षण. राज्य इंग्रजांचे, घोड्याचा चारा उधारीचा. आपल्याखाली कोणी तरी आहे, एवढाच काय तो त्याचा मोठेपणा. तो मोठेपणा सोडला तर आपल्याजवळ काही उरणार नाही, अशी त्याची समजूत होती. ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे त्याला ‘ते’ कोणाला तरी बाहेर ठेवल्याशिवाय सांगताच येत नव्हते.

या घटनेनंतर दोन वर्षांनी, १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना सांगितले की, मला मायभूमीच नाही. लोक या एका वाक्यावरून त्यांना बोल लावतात. पण त्यांनीच ४ एप्रिल १९३८ रोजी मुंबई विधानसभेत सांगितले की, माणसाने आधीही भारतीय असावे, शेवटीही भारतीयच असावे, मध्ये दुसरे काही नको. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र झाले आहेत असे समजणे हा भ्रम आहे. या तीन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. चाळीसगावच्या फरशीवर उभे राहिले की त्यांचा मेळ लागतो. ज्याला टांग्यातून उतरवले जाते त्याला देश नसतो. म्हणूनच त्याला, सर्वांना बसवून नेणारा देश उभारावा लागतो. घटनेच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समतेसोबत बंधुता हा शब्द आला, तो त्यासाठीच.

आज चाळीसगाव स्टेशनबाहेर रिक्षा असतात. रिक्षावाला ‘कुठे जायचे’ एवढेच विचारतो. हा बदल लहान नाही. तो आपोआप झालेला नाही, आणि तो पुरताही झालेला नाही. मी पेशाने कारकून. अर्जातील ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात ‘भारतीय’ लिहायला माणसाला एक क्षण लागतो. जातीच्या दाखल्यासाठी मात्र १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत त्याला आजोबाची शाळा गाठावी लागते. १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राने दिला तो १९९० साली. कागदाची ही कथा. कागदाबाहेरची वेगळी. काही वर्षांपूर्वी मी जळगावात भाड्याची खोली पाहायला गेलो होतो. घरमालकाने चहा दिला, नोकरी विचारली, मग आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर खोली कालच दिल्याचे त्यांना आठवले. ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी पुढे पंधरा दिवस तशीच होती. २६ जानेवारीला त्याच घराच्या गच्चीवर तिरंगा फडकत होता.

हाच २६ जानेवारी आणखी एका देशाचाही राष्ट्रीय दिवस आहे, तो म्हणजे ऑस्ट्रेलिया. १७८८ साली या दिवशी इंग्रजांचा कैद्यांनी भरलेला ताफा सिडनीच्या बंदरात उतरला. तिथले आदिवासी हा दिवस आपली भूमी गेल्याचा मानतात. १९३८ साली, दीडशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, त्यांनी सिडनीत शोकदिन पाळला. १९०१ साली गोरेतरांना देशाबाहेर ठेवणारा कायदा तिथे झाला. ते धोरण पुरते मोडायला १९७३ साल उजाडले. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी होकार दिला, तेव्हा देशाच्या लोकसंख्येत आदिवासींना मोजायला घटनेची जी आडकाठी होती ती दूर झाली. १९९२ साली मेबो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, गोरे आले तेव्हा ही जमीन कोणाचीच नव्हती, हा समज खोडून काढला. पण आदिवासींच्या सल्लागार मंडळाला घटनेत स्थान द्यावे, हा प्रस्ताव १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात साठ टक्के मतदारांनी फेटाळला. तिथला सामान्य माणूस आपल्या देशाचे वर्णन ‘जिथे प्रत्येकाला वाजवी संधी मिळते तो देश’ असे करतो. भावना चांगली आहे. पण ‘प्रत्येक’ या शब्दात कोण कोण धरायचे, इथे घोडे अडते. तिथेही आणि इथेही.

चाळीसगावहून धुळ्याची गाडी शिरूड, बोरविहीर करीत जाते. जुलैअखेर कपाशी गुडघ्याला आलेली असते. डब्यात अहिराणी चाललेली असते. डबे उघडले की शेंगदाण्याच्या चटणीचा वास सुटतो आणि अनोळखी माणूसही भाकरीचा तुकडा पुढे करतो. धुळ्याला उतरून मुंबई-आग्रा महामार्गाने दहाएक किलोमीटर गेले की लळिंगचा किल्ला दिसतो. त्याच्या परिसरात, कुरणातल्या डोंगरावर लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याच्या न्यायालयात एका खटल्यासाठी आले आणि या बंगल्यात त्यांनी मुक्काम केला. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला इथे भीमस्मृती यात्रा भरते. पावसात, चिखलात, पोरे खांद्यावर घेऊन माणसे डोंगर चढतात.

एका वर्षी वर जाताना साक्रीकडची एक म्हातारी आजी भेटली. नातवाचा हात धरून दमाने चढत होती. मी विचारले, “आजी, एवढ्या पावसात कशाला त्रास घेता? वर नुसता बंगलाच तर आहे.” तिने अहिराणीत जे सांगितले त्याचा अर्थ असा: “भाऊ, तो बंगला सरकारी आहे. माझ्या सासऱ्याच्या वेळी अशा बंगल्याच्या आवारात आपला माणूस लाकडं फोडायला जायचा, ओट्यावर चढायचा नाही. त्या बंगल्यात आपला माणूस पाहुणा म्हणून झोपला. मग बंगलाही आपला आणि सरकारही आपलं. हे या पोराला दाखवायचं आहे.”

देशाविषयी मी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत, काही केलीही आहेत. आजीइतके नेमके कोणी बोलल्याचे आठवत नाही. आठ वर्षांपूर्वी ज्या खानदेशाने टांगा नाकारला, त्याच खानदेशात बाबासाहेब सरकारी बंगल्यात राहिले आणि न्यायालयात ताठ मानेने उभे राहिले. देश आपला आहे हे कोणी आणून देत नाही. एकेक जागा, एकेक खुर्ची, एकेक पाणवठा आपला करावा लागतो.

वाचक बंधू-भगिनींनो, यंदा लळिंगला जाणार असाल तर पायात चांगली पकड असलेली चप्पल घाला, पाणी सोबत घ्या आणि जंगलात प्लॅस्टिक टाकू नका. जमल्यास एक तास चाळीसगावला उतरा आणि मुलांना टांग्याची गोष्ट पूर्ण सांगा. टांगा नाकारणाऱ्यांची सांगा, तशीच रडत धावून बाबासाहेबांना उचलणाऱ्यांचीही सांगा.

आणि एक गोष्ट स्वतःला विचारा. आता आपल्यापैकी अनेकांची स्वतःची घरे झाली आहेत, वरच्या मजल्यावर भाड्याची खोली आहे. तिथे एखादा पारधी, मातंग, भिल्ल किंवा मुसलमान कुटुंबवाला चौकशीला आला, तर चहा दिल्यावर आपण त्याला काय विचारतो? आडनाव विचारत असू, तर लगाम आता आपल्या हातात आहे आणि टांगा अजून त्याच अड्ड्यावर उभा आहे, असे समजावे.