एकाच गाडीतले दोन प्रवासी

ह्यूस्टनला आमच्या घरी येणाऱ्या मराठी मंडळींचं एका बाबतीत एकमत होतं. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत हिला कुठं हलवू नकोस, असं सगळे नवऱ्याला बजावून जायचे. मी समोरच चहाचे कप ठेवत असायचे.

मी के-१ व्हिसावर आले होते. लग्न ठरलंय पण व्हायचंय, अशांसाठीचा हा व्हिसा. आल्यापासून ९० दिवसांत लग्न करायचं आणि मग इथंच राहून ग्रीन कार्डासाठी आय-४८५ अर्ज भरायचा. ते ९० दिवस सरले की व्हिसाच्या पानाला काही अर्थ उरत नाही. अर्ज विचाराधीन आहे, एवढ्याच आधारावर दिवस काढायचे. त्या काळात अ‍ॅडव्हान्स पॅरोलचा कागद न घेता देशाबाहेर गेलं, तर माझ्यासारखीनं अर्ज सोडून दिला असं धरतात. देशाच्या आत हिंडायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. लोकांच्या डोक्यात 'देशाबाहेर जाऊ नका'चं 'घराबाहेर जाऊ नका' झालं होतं, इतकंच.

गंमत म्हणजे हीच मंडळी नको तिथं घाबरायची आणि नको तिथं बिनधास्त असायची. हवाई बेटांवर जायचं म्हटलं की "अगं, समुद्र ओलांडायचा नाही," म्हणत. आता होनोलुलूचं विमान चार-पाच तास पॅसिफिकवरून उडत असलं तरी तो देशांतर्गतच प्रवास. उलट अलास्काची क्रूझ त्यांना अगदी निर्धोक वाटायची, कारण अलास्का अमेरिकेतच आहे ना! पण सिअ‍ॅटलहून निघणारी ही मोठी जहाजं बहुतेक परदेशी झेंड्याची असतात, आणि १८८६ सालच्या एका कायद्यामुळं त्यांना वाटेत कुठल्या तरी परदेशी बंदराला लागावंच लागतं. बहुतेक वेळा ते कॅनडातलं व्हिक्टोरिया. म्हणजे बुफेच्या रांगेत उभ्या-उभ्या माझा अर्ज बुडाला असता. नवऱ्याच्या मामांना हे पटवून देण्यात एक अख्खा रविवार गेला.

विमानाची भीती पहिल्याच खेपेला गेली. ड्रायव्हिंग लायसन्स अजून नव्हतं, म्हणून शिकागोला जाताना भारतीय पासपोर्टच दाखवला. सुरक्षा तपासणीच्या माणसानं तो यंत्रात ठेवला, तोंडाकडं पाहिलं आणि पुढं जा म्हणाला. व्हिसाचं पान त्यानं उघडलंसुद्धा नाही. कागदपत्रांची फाइल मी उगाच छातीशी धरून उभी होते.

खरी अडचण पोस्टाची होती. बोटांच्या ठशांची तारीख कधी येईल सांगता येत नाही आणि न कळवता ती चुकवली तर अर्ज निकालात निघू शकतो. अमेरिकन पोस्टाची एक फुकट सोय आहे: त्या दिवशी येणाऱ्या पाकिटांचे काळे-पांढरे फोटो सकाळी ईमेलवर येतात. कुठंही मुक्कामाला असलो तरी दात घासायच्या आधी ते बघायचे. विजेचं बिल, दातांच्या डॉक्टरची जाहिरात, पुन्हा दातांचा डॉक्टर. ठशांचं काम उरकलं त्याच आठवड्यात आम्ही बिग बेंडचं बुकिंग केलं.

बिग बेंड म्हणजे टेक्ससच्या नैर्ऋत्येला रिओ ग्रांद नदी जिथं मोठं वळण घेते तिथलं राष्ट्रीय उद्यान. ह्यूस्टनहून नऊ-दहा तासांचं ड्रायव्हिंग, आणि तेवढं करूनही आपण टेक्ससमध्येच! सान अँटोनिओ मागं पडलं की झाडं खुरटत जातात आणि फोर्ट स्टॉक्टननंतर रस्त्यावर आपण आणि ट्रक एवढेच. नदीच्या पलीकडं मेक्सिको. सांता एलेना घळीत दोन्हीकडं साडेचारशे मीटरचे उभे कडे आणि मधून ही मातकट नदी. आम्ही गेलो तेव्हा पाणी जेमतेम गुडघाभर होतं. सीमा नदीच्या मधोमध. कुंपण नाही, पाटी नाही. एक अमेरिकन कुटुंब पाण्यातून चालत पलीकडच्या वाळूत जाऊन फोटो काढून आलं. पोरं तर तीनदा गेली. मी गुडघ्यापर्यंत सलवार वर करून काठावरच्या दगडावर बसले आणि पाण्यात पाय सोडले. त्याहून पुढं जायची माझी छाती झाली नाही. रात्री लॉजच्या वायफायवरून आईला फोटो दाखवले. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर जन्म गेलेली बाई ती. म्हणाली, "एवढ्याशा ओढ्याला नदी म्हणतात? आणि पलीकडं दुसरं राज्य?" राज्य नव्हे आई, देश.

दुसऱ्या दिवशी बोकियासला गेलो. तिथं चक्क अधिकृत सीमानाका आहे. ११ सप्टेंबरनंतर, २००२ साली तो बंद केला होता, २०१३ मध्ये पुन्हा उघडला. पासपोर्ट घेऊन काठावर जायचं, वल्ह्याच्या होडीतून दोन मिनिटांत पलीकडं, तिथून गाढवावर बसून गावात, टाको खायचे, परत यायचं. नवऱ्याला फार दिवसांपासून जायचं होतं. तो मात्र "नको, आपण दोघं नंतर कधीतरी येऊ," म्हणायला लागला. मलाच राग आला. हे असलं मोठ्या मनाचं थांबणं मला नको होतं. मग परतीची सगळी वाट मी त्याच्या त्यागाचं ओझं वाहत बसले असते. म्हटलं, "जाऊन ये, मी इथं बसते." तो गेला. होडीत बसताना त्यानं हात केला, मी फोटो काढला. नंतर दोन-अडीच तास मी काठावर झाडाच्या सावलीत. समोरच्या तीरावर कुणीतरी गात होतं, शब्द कळत नव्हते. तो आला ते तोंडाला कांद्याचा वास आणि हातात भरतकामाची पिशवी घेऊन. मला जरा मत्सर वाटला, पण अबोला धरण्याएवढा नाही.

परतताना ११८ नंबरच्या रस्त्यानं निघालो. अल्पाइनच्या अलीकडं सीमा गस्तीदलाचा नाका आहे. सीमा केव्हाच मागं पडलेली असते, तरी तिथं प्रत्येक गाडी थांबवतात. असे नाके चालवायला सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्येच मान्यता दिलेली आहे. "दोघंही अमेरिकन नागरिक?" हिरव्या गणवेशातल्या माणसानं विचारलं. नवरा म्हणाला, "मी आहे, बायको नाही." तो इथं जन्मलेला, 'आहे' म्हटलं की त्याचं काम संपलं. माझं सुरू झालं. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसानं आपले नोंदणीचे कागद सतत जवळ बाळगावेत असा इथला कायदाच आहे. मी पासपोर्ट आणि आय-४८५ची पोचपावती दिली. या पोचपावतीवर सगळ्यात वर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, की या सूचनेमुळं तुम्हाला कुठलाही इमिग्रेशन दर्जा किंवा लाभ मिळत नाही. आणि तोच कागद मी माझा आधार म्हणून खिडकीबाहेर धरला होता! त्यानं तो वाचला, पावतीचा नंबर बघितला, कुठून येताय, कुठं चाललाय विचारलं. कुत्रा गाडीभोवती हुंगून गेला. मागच्या गाडीतल्या कुणी हॉर्न वाजवला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. "हॅव अ गुड डे, मॅम." दोन-तीन मिनिटं लागली असतील. नवरा पुढं बराच वेळ काही बोलला नाही, मग एकदम म्हणाला, "हे मला कधी कळलंच नसतं." मी म्हटलं, पाणी दे.

मुलाखतीला बोलावलं तेव्हा हेच प्रवास कामाला आले. लग्न खरं आहे हे कागदांनी सिद्ध करावं लागतं: दोघांच्या नावाचं बँक खातं, भाडेकरार, फोटो, विमानाची तिकिटं, हॉटेलची बिलं. घरात बसून राहिलो असतो तर दिवाणखान्यातल्या सोफ्याचेच फोटो लावावे लागले असते. अधिकारी बाईंनी अल्बम चाळला आणि होडीतल्या फोटोवर थांबल्या. "हे दोघांचं फिरणं ना? मग तुम्ही कुठं आहात?"

"मी फोटो काढतेय. अमेरिकेतून."

त्या हसल्या आणि पान उलटलं.

कार्ड आलं ते दोन वर्षांचं. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत मंजुरी मिळाली तर तसंच सशर्त देतात. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून लग्न अजून टिकून आहे हे पुन्हा दाखवायचं. म्हणून आता लॉजच्या काउंटरवर मी सांगते, बिलावर दोघांचं नाव घाला. परवा फ्रेडरिक्सबर्गला मोटेलच्या पोरानं विचारलं, कंपनीकडून पैसे घ्यायचेत का? नवरा म्हणाला, "नाही, सरकारला दाखवायचंय."