ऊस तुटला की घरात कोण येतं

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात उंदरांचा हंगाम कारखान्याच्या गाळपाबरोबर येतो. जुलैत लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तेवढ्या काळात त्याच्या बुडाशी, पाचटात, बांधाच्या बिळांत उंदीर-घुशींच्या पिढ्यान्‌पिढ्या होतात. दिवाळीच्या आगेमागे कारखाना सुरू होतो, ऊसतोडीची टोळी येते आणि फड मोकळा झाला की त्या सगळ्यांचा आडोसाही जातो आणि खाणंही जातं. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरची आमची वस्ती अशाच फडांच्या मधोमध आहे. फडातून निघालेलं सगळं आमच्या भिंतीपाशी येतं, आणि त्याच्या मागावर घोणस आणि नागही येतात.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच हिवाळ्यात हे मला दिसत होतं. तरी माझा सगळा विचार मारण्याभोवती फिरत राहिला. त्यापायी मी ज्या चुका केल्या त्यांतली एक पोरांच्या जिवावर बेतली होती, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात झिंक फॉस्फाइडपासून झाली. काळी पूड ज्वारीच्या भरड्यात गोडं तेल घालून कालवली आणि त्याच रात्री कोपऱ्या-कोपऱ्यात ठेवली. सकाळी एक-दोन मेलेले सापडले, पण त्यानंतर त्या भरड्याला कुणी तोंड लावेना. मी पूड वाढवली, जागा बदलल्या. उंदीर नवं खाणं आधी जरासं चाखून बघतो. हे विष लगेच त्रास देतं. त्यामुळे चाखून वाचलेला उंदीर ते दुखणं त्या चवीशी जोडतो आणि पुढे फार दिवस तसलं काही खात नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस त्याच जागी बिनविषारी भरडा ठेवून सवय लावायची असते. घाईपायी मी ते केलं नाही, आणि वर विषाची मात्रा वाढवत बसले.

मग ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या आणल्या. त्यांत औषध जेमतेम ०.००५ टक्के. त्यानं रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, त्यामुळे त्याला वडीचा संशयच येत नाही. मला हे फार सोयीचं वाटलं. त्या चार-पाच दिवसांत मंदावलेला उंदीर दुसऱ्या कुणाच्या तोंडात जाईल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्या मांजरीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. जनावरांच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं, पण आम्ही तिला उशिरा नेलं होतं. ती गेली. घरात उंदीर धरणारी तेवढी एकच होती, आणि तिला मी घालवलं.

हीच गत घुबडाची होऊ शकते. गव्हाणी घुबडाचं मुख्य खाणं उंदीर. पिलं असली की जोडी रात्रभर उंदीर वाहून आणते. शेजारच्या पुरंदर तालुक्यात पिंगोरीला इला फाउंडेशननं उलूक महोत्सव भरवला, तो याच पक्ष्याविषयीची अपशकुनाची भीती घालवण्यासाठी. ती भीती माझ्याही मनात होती. पडक्या विहिरीवरचं घुबड मी दगड मारून हाकलत असे. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता सर्वांत मोठी चूक. मे महिन्यात आम्ही वर्षाचा गहू भरतो. एका वर्षी सोंडे फार झाले, म्हणून दुकानातून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सुट्या, कागदात बांधून आणल्या. फडक्यात गुंडाळून कोठीत घातल्या आणि झाकण लावलं. कोठी होती पोरं झोपायची त्या खोलीत. हवेतला आणि धान्यातला ओलावा लागला की या गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो, आणि पत्र्याच्या कोठीचं झाकण तो अडवू शकत नाही. पहाटे धाकट्याला उलट्या सुरू झाल्या, थोरल्याचं डोकं धरलं. भाऊजींना खोलीत लसणासारखा वास आला. त्यांनी दारं-खिडक्या उघडून दोघांना उचलून बाहेर आणलं आणि तसंच बारामतीला नेलं. यावर उतारा नाही, फक्त शरीराला आधार देत राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझे पाय लटपटले. पोरं वाचली. आणखी तासभर दार बंद राहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून माझी झोप उडवतो.

आणि सोंडे झाले होते तेही माझ्याच हातानं. जुन्या गव्हाचा तळ कोठीत तसाच ठेवून मी त्यावर नवा गहू ओतला होता, तोही नीट न वाळवता. आता कोठी पूर्ण रिकामी करते, पुसून उन्हात ठेवते. दाणा दाताखाली कडक् वाजेपर्यंत गहू वाळवते आणि गार झाल्यावरच भरते. कडुनिंबाचा वाळलेला पालाही घालते, पण खरं काम उन्हाचं.

उंदरांच्या बाबतीत सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, मला फार आधी सांगितलं होतं : "आत आलेल्याला काय मारत बसतीस, आला कुठनं ते बघ की." तिकडं मी लक्ष दिलं ते मांजर गेल्यावर. मोरीच्या तोंडाला जाळी नव्हती. मागच्या दाराखाली बोटभर फट होती, आणि लहान उंदराला त्याहून कमी जागा पुरते. कडब्याची गंज आणि सरपण भिंतीला टेकून रचलेलं होतं. आम्ही जाळी बसवली, दाराला खालून पत्रा ठोकला, बिळांत काचेचे तुकडे घालून वर सिमेंट भरलं, गंज भिंतीपासून लांब हलवली. त्या हिवाळ्यात फड तुटला, पण उंदीर भिंतीपर्यंत येऊन परतले.

खाणं आणि आडोसा एकत्र मिळाला की काय होतं, हे मराठवाड्यानं सोसलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. भीतीनं बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक घरं सोडून बाहेर राहायला गेले, आणि धान्य त्या रिकाम्या घरांत राहिलं. उंदीर माजले, आणि १९९४च्या ऑगस्टमध्ये तिथं प्लेगचे रुग्ण निघाले.

कोठीत घातलेल्या त्या गोळ्या सर्वसाधारण गिऱ्हाइकाला विकायला परवानगी नाही, हे मला नंतर कळलं. ज्या दुकानातून आणल्या तिथं जाऊन आमच्या पोरांचं काय झालं ते सांगितलं. "लोक मागतात ताई," एवढंच उत्तर मिळालं. यंदा गहू भरायच्या आधी आमच्या बचत गटातल्या बायकांना घेऊन मी पुन्हा जाणार आहे, आणि त्यांच्यापैकी कुणाची कोठी झोपायच्या खोलीत असेल तर ती आधी बाहेर काढणार आहे.