बाबाबा कसोटी आणि टाकीचा स्टँड

पुणे जिल्ह्यातल्या ज्या खेड्यात मी गणित आणि विज्ञान शिकवते, तिथे आठवी ते दहावीच्या मुलांचा आठवड्यातला एक दिवस वर्गात जात नाही. त्या दिवशी दप्तरं शाळेच्या व्हरांड्यात रांगेने ठेवलेली असतात आणि मुलं चार ठिकाणी पांगलेली असतात. कुणी वर्कशॉपमध्ये, कुणी रोपवाटिकेत, कुणी विजेच्या फळ्यांशी, कुणी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे हे चार विभाग. गट आळीपाळीने फिरतात, त्यामुळे मुलगी वेल्डिंग चुकवू शकत नाही आणि मुलगा पोळ्या.

हा अभ्यासक्रम पाबळच्या विज्ञान आश्रमातून आला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून १९८३ मध्ये ते शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात येऊन राहिले. शाळेत नापास ठरलेली पोरं मोटार दुरुस्त करताना, घर बांधताना भराभर शिकतात हे ओळखून त्यांनी शिक्षणाची मांडणीच उलटी केली. आधी हाताने काम, मग त्यामागचं शास्त्र. यातून ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय उभा राहिला. शाळांमध्ये त्याला सगळे आयबीटीच म्हणतात. कलबाग सर २००३ मध्ये गेले. त्यांनी घालून दिलेली एक अट मला आजही सगळ्यात महत्त्वाची वाटते: मुलांनी केलेलं काम गावातल्या कुणाला तरी खरोखर हवं असलं पाहिजे आणि त्याने त्याचे पैसे मोजले पाहिजेत. नमुना करून कपाटात ठेवायचा नाही.

या अटीचा अर्थ काय, हे मला एका टाकीच्या स्टँडने दाखवलं.

शेजारच्या वस्तीवरचे एक आजोबा शाळेत आले. त्यांना पाचशे लिटरच्या टाकीसाठी पाच फूट उंचीचा लोखंडी स्टँड हवा होता. आमच्या निदेशकांनी ऑर्डर घेतली आणि नववीच्या एका गटाकडे सोपवली. गटात पाच जण होते. त्यातली एक मुलगी माझ्या तासाला मागच्या बाकावर खाली मान घालून बसायची. अपूर्णांक आले की तिची वही कोरी.

सरांनी पहिला प्रश्न टाकला, “टाकी किती जड?”

“काय नाय सर, मी एकटी उचलते.”

“भरल्यावर?”

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग तीच म्हणाली, “एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाचशे किलो. आई गं, अर्धा टन!”

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तिने पाचवीपासून किती वेळा लिहिलं असेल. पण आपण बांधलेल्या चार पायांवर अर्धा टन उभा राहणार आहे आणि त्याच्याखालून आजोबांची नातवंडं खेळणार आहेत, हे तिला त्या क्षणी कळलं. तिथून पुढे त्या कामाकडे बघण्याची तिची नजर वेगळी होती.

चित्र काढलं. वर तीन फुटांची चौकट, टाकीच्या बुडाला आधार म्हणून मध्ये दोन आडवे, पाच फुटांचे चार पाय, जमिनीपासून एक फुटावर पायांना बांधणारी दुसरी चौकट. चौकट नुसते टाके मारून उभी केली आणि सरांनी मुलांना ती वरून ढकलायला सांगितली. ती डुलली. चारही बाजू जशाच्या तशा, पण आयताचा समांतरभुज चौकोन होत होता. मग सरांनी एका बाजूला तिरका अँगल लावून पुन्हा ढकलायला लावलं. ती बाजू जागची हलेना.

मी तेव्हा दारात उभी होते. न राहवून विचारलं, “का हलत नाही?”

मुलं तिरक्या अँगलकडे बघत राहिली. उत्तर आलं ते मागच्या बाकावरच्या मुलीकडून. “मॅडम, तिरका लावल्यावर त्रिकोण झाला ना. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण दुसरा होतच नाही. ते बाबाबा.”

बाजू-बाजू-बाजू, बाबाबा कसोटी. भूमितीच्या पुस्तकात ती एका चौकटीत छापलेली असते आणि परीक्षेत दोन त्रिकोण एकरूप आहेत हे दाखवायला उपयोगी पडते. लोखंडी पुलांच्या, विजेच्या मनोऱ्यांच्या, पत्र्याच्या शेडच्या कैच्या त्रिकोणांनीच का भरलेल्या असतात, याचं उत्तर त्या कसोटीत आहे. त्या मुलीने ते पुस्तक न उघडता दिलं.

पुढे तिरक्याची लांबी. दोन चौकटींमध्ये अंतर चार फूट, रुंदी तीन फूट. फळ्यावर पायथागोरस शिकवताना मी हमखास हेच त्रिकूट घेते. इथे मुलांनी खडूने फरशीवर आकृती काढली, टेप लावला आणि बरोबर पाच फूट आलं. एका मुलाने टेप दोनदा लावून पाहिला. पुस्तकातलं उत्तर जमिनीवर खरं ठरतं यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

मग अंदाजपत्रक. आयबीटीत कुठलंही काम हातात घेण्याआधी आकृती आणि खर्च वहीत उतरवावाच लागतो. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा भाग हाच. एकूण सत्तर फूट अँगल लागणार होता. अँगलचा नग मिळतो वीस फुटी. मुलं म्हणाली, साडेतीन नग. सर म्हणाले, अर्धा नग दुकानदार देणार नाही, आता तुकडे कसे पाडायचे ते सांगा. पाच फुटांचे चार पाय एका नगात, चार तिरके दुसऱ्या नगात, वाया काहीच नाही. तीन फुटांचे दहा तुकडे उरले. तिसऱ्या नगातून सहा निघतात आणि दोन फूट उरतात, चौथ्यातून चार निघतात आणि आठ फूट उरतात. त्या आठ फुटांचं काय करायचं यावर वाद झाला. ते आजोबांच्या पैशाचं लोखंड, शाळेने ठेवायचं नाही, असं शेवटी मुलांनीच ठरवलं. त्याची त्यांना टाकीवर चढायला पायरी करून दिली.

लोखंड मिळतं किलोवर. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल, तर वीस फुटांचं वजन किती? मुलांनी छेदाचं क्षेत्रफळ काढलं, चाळीस पाचे दोनशे, दुणे चारशे. सरांनी अँगलचं कापलेलं टोक समोर धरलं आणि गप्प बसले. थोड्या वेळाने एकाच्या लक्षात आलं की कोपऱ्यातला पाच बाय पाचचा चौकोन दोन्ही बाजूंत मोजला गेला होता. चारशेतून पंचवीस वजा, तीनशे पंच्याहत्तर. त्याला लांबीने गुणलं, लोखंडाची घनता ७.८५ घेतली. एका नगाचे जवळजवळ अठरा किलो, चार नगांचे बहात्तर. दुसऱ्या दिवशी गट लोखंडाच्या दुकानात गेला. काटा एकाहत्तरावर थांबला. त्या पोरांनी दुकानात जो आरडाओरडा केला, तसा मी माझ्या वर्गात गणित सुटल्यावर कधी ऐकलेला नाही.

माझं ठाम मत याच कामांमुळे बनलं. हाताचं काम हे पुस्तकाच्या अभ्यासाला जोडलेलं ठिगळ नाही. आमच्या मुलांच्या बाबतीत तरी पुस्तक समजण्याची ती पहिली पायरी आहे.

ही कल्पना काही नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली, गांधीजींनी नई तालीम मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे तिथे ‘कमवा आणि शिका’ रुजलं. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. आपल्या पिढीला तो कार्यानुभव नीट आठवतो: खडूची पेटी, कागदाची फुलं आणि प्रगतिपुस्तकावर सगळ्यांना ‘अ’ श्रेणी. आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आहे आणि सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकण्याची तरतूद आहे. नववीपासून ऑटोमोटिव्ह, रिटेल, आरोग्यसेवा, शेती, ब्युटी अँड वेलनेस असे व्यवसाय विषयही अनेक शाळांत निवडता येतात. कागदावर आपण कधीच मागे नव्हतो. अडतं ते रोजच्या वेळापत्रकात.

अडण्याचं पहिलं कारण म्हणजे कुणी काय निवडायचं याची आपल्या डोक्यातली वाटणी. मी ज्या ज्या शिक्षकांशी बोलते त्यांच्या बोलण्यात हे येतंच: गणितात मागे पडलेल्या मुलांना तिकडे पाठवा, हुशार मुलांचा वेळ नका घालवू. पालकसभेत एक वडील मला म्हणाले, “मॅडम, पोरगी डॉक्टर व्हायचं म्हणतीय, तिला वेल्डिंग कशाला?” मी त्यांना वर्कशॉपमध्ये नेलं. काळी काच लावून, ओढणी खोचून, केस बांधून त्यांची मुलगी टाका मारत होती. कीट हातोडीने झाडून तिने खालचा सांधा वडिलांना दाखवला आणि तो कुठे पोकळ राहिला होता तेही स्वतःच सांगितलं. आपलं काम कुठे कच्चं आहे हे नेमकं बोट ठेवून सांगता येणं डॉक्टरला लागणार नाही, असं मला तरी वाटत नाही. मी वडिलांना तसं सांगितलं.

म्हणूनच आठवीत निवड नको, या मताची मी आहे. आठवी-नववीत चारही विभाग सगळ्यांनी करावेत, निवड त्यानंतर. न चाखलेल्या कामातून तेरा वर्षांचं मूल काय निवडणार? मुली ब्युटीकडे आणि मुलगे ऑटोकडे जातील, झालं.

गृह-आरोग्य विभागाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथे मुलं-मुली गूळ-शेंगदाण्याची चिक्की करतात, तिची किंमत काढतात, मधल्या सुट्टीत विकतात. पण खरा फरक मी पाहिला तो हिमोग्लोबिनच्या तपासणीने. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात सुमारे ५९ जणींना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. आमच्याकडे सरकारी लोहाच्या निळ्या गोळ्या दर आठवड्याला वाटल्या जायच्या आणि त्यातल्या कितीतरी खिडकीबाहेर सापडायच्या. तपासणी शिकताना मुलींनी स्वतःच्या बोटातला थेंब काढला, रंग जुळवून आकडा वाचला. आकडे सगळ्यांसमोर वाचायचे नाहीत, नोंदवही आरोग्य शिकवणाऱ्या मॅडमच्या कपाटात राहील, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. आपला आकडा नऊ आहे हे कळल्यावर एका मुलीने विचारलं, “म्हणून मला जिना चढताना दम लागतो का?” त्यानंतर गोळ्या खिडकीबाहेर पडणं कमी झालं. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही आणि पालेभाजीवर लिंबू पिळलं तर ते जास्त शोषलं जातं, हे त्यांनी घरी जाऊन आयांना सांगितलं. दोन-तीन आयांनी मला बाजारात गाठून खात्रीही करून घेतली.

ऊर्जा विभागातलं विजेचं बिल वाचणं तर प्रत्येक शाळेत, शहरातल्यासुद्धा, उद्यापासून सुरू करता येईल. त्याला ना वर्कशॉप लागतं ना निधी. हजार वॅट एक तास चाललं की एक युनिट. शंभर वॅटचा जुना बल्ब दहा तासांत युनिट खातो, नऊ वॅटचा एलईडी शंभराहून जास्त तास चालतो, दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात. मग शंभर युनिटांच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर का वाढतो ते बिलावर शोधायचं. आमच्याकडे मुलांनी घरोघरची बिलं आणली आणि वर्गात शांतपणे बसून वाचली. त्यातल्या कित्येक घरांत बिल तोवर फक्त शेवटच्या आकड्यापुरतं बघितलं जात होतं.

आता अडचणी, कारण त्या लपवून हे काम पुढे जाणार नाही. आमचे निदेशक मानधनावर आहेत. ज्या माणसाच्या हातात वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम आणि मुलांना गप्प राहून शिकू देण्याचं कसब आहे, त्याला गावातलं फॅब्रिकेशनचं दुकान शाळेपेक्षा जास्त पैसे देतं. एका वर्षी सत्राच्या मध्यावर निदेशक सोडून गेले आणि पुढचे कित्येक आठवडे वर्कशॉपला कुलूप होतं. सामानाचे पैसे उशिरा येतात. दहावीला सराव परीक्षांचा मोसम सुरू झाला की पहिला बळी याच दिवसाचा जातो. तो दिवस काढून माझ्या गणिताला द्यावा, असा प्रस्ताव आमच्याही शाळेत आला होता. मी नको म्हटलं. ज्या दिवशी माझी मुलं गणित सगळ्यात जास्त करतात, तो दिवस काढून गणिताला कसा देणार?

स्टँड आजोबांच्या अंगणात पोचवायला सगळा गट ट्रॅक्टरवर बसून गेला. सामानाचा खर्च आणि ठरलेली मजुरी त्यांनी मोजून दिली. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने पावती लिहिली, सही केली. टाकी भरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मुलांनी चारही बाजूंनी पाणसळ लावून पाहिली आणि मगच ती निघाली.

तुमच्या गावातल्या शाळेत असं वर्कशॉप असेल तर त्यांना एखादं खरं काम द्या. गेटाची बिजागरी, गोठ्यातली गव्हाण, अंगणवाडीचं पाण्याचं फडताळ, सांडपाण्याचा शोषखड्डा, घरातली जिन्याची वायरिंग, काहीही. मुलांनी केलंय म्हणून फुकट मागू नका आणि मुलांनी केलंय म्हणून कच्चं घेऊही नका. काम तपासा, चुकलं असेल तर परत करायला लावा, आणि बरोबर झालं की बाजारभावाने पैसे द्या. वर्कशॉप नसेल तर येत्या पालकसभेत मुख्याध्यापकांना विचारा, का नाही.