चाकाची साक्ष

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गेली पंचेचाळीस वर्षे मोटार चालवीत आहेत, आणि एवढ्या काळात त्यांनी कुणाच्या कोंबडीलाही धक्का लावलेला नाही अशी आमच्या आळीत त्यांची ख्याती आहे. कोकणातल्या रस्त्यांवरच्या कोंबड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या ख्यातीचे मोल निराळे सांगायला नको. म्हणूनच मृगाच्या सुमारास एका संध्याकाळी फाटकातून आत येताना अण्णांनी जास्वंदीची कुंडी फोडली, तेव्हा घरात जी शांतता पसरली ती कुंडीच्या किमतीच्या मानाने फारच मोठी होती.

“ब्रेक दाबला, पण तो पायाखाली थरथरला आणि गाडी पुढेच गेली,” अण्णा म्हणाले.

त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. थरथरले ते काय असावे याविषयी आम्हां भावंडांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. रात्री ते निजल्यावर आम्ही हलक्या आवाजात खलबत केले, आणि सकाळी मी दाराजवळच्या खुंटीवरची किल्ली काढून आपल्या खिशात घातली. अण्णांनी रिकाम्या खुंटीकडे एकदा पाहिले. बोलले मात्र काहीच नाहीत. माणूस रागावला म्हणजे निदान आपल्यापाशी उत्तर तरी तयार असते. त्या न बोलण्याला उत्तर कोठून आणावे?

पुढे काही दिवसांनी समोरच्या तक्त्यावर ‘एबीएस’ अक्षरांचा पिवळा दिवा लागला. मी मोटार एका मोठ्या कारखान्यात नेली. तिथल्या तरुणाने यंत्र जोडले, त्यावर उमटलेला संकेत वाचला आणि पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बिघडल्याचा निकाल दिला. नवा सेन्सर बसला, दिवा विझला. जाता जाता अण्णांची तक्रार मी त्याच्या कानांवर घातली, तेव्हा त्याने फार आदबीने विचारले, “वडिलांचं वय काय?” मी वय सांगितले. त्याने समजुतीने मान हलविली. मलाही बरे वाटले, हे कबूल केलेच पाहिजे.

पण महिनाभराने पेट्रोलपंपावर रांगेत उभे राहण्यासाठी मी अगदी हळू, अलगद ब्रेक दाबला, आणि माझ्याच पायाखाली कट्-कट्-कट् असे काही तरी उडू लागले. रस्ता कोरडा ठणठणीत होता, तरी मोटार हातभर पुढे सरकली. माझे वय एकेचाळीस आहे.

ही एबीएस म्हणजे काय, ते मी तोवर कधी विचारलेच नव्हते. १९७८ साली बॉश कंपनीने ती मर्सिडीझच्या मोटारींत प्रथम आणली, आणि आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. आमची मोटार २०१३ ची असली तरी तिच्यात ती होती. प्रत्येक चाकाच्या आसाबरोबर एक दातेरी कडी फिरते. तिच्यापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर सेन्सर बसलेला असतो. एकेक दात समोरून गेला की विजेचा एक स्पंद उठतो, आणि ते स्पंद मोजून मोटारीतला संगणक चारही चाकांचा वेग ताडून पाहतो. ब्रेक दाबताच एखाद्याच चाकाचा वेग एकाएकी कोसळला, तर ते घसरू लागले असे समजून संगणक त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हा धरतो, आणि असे सेकंदात अनेकदा करतो. पायाला जाणवते ती हीच थरथर. पावसाच्या चिखलात ती जीव वाचविते. फाटकातून आत येताना तिचे काय काम?

आमच्या गावाच्या टोकाला एक मिस्त्री आहे. त्याने माझे म्हणणे ऐकून घेतले आणि प्रथम एबीएसचा फ्यूजच काढला. पिवळा दिवा लागला, पण थरथर नाहीशी झाली. “म्हणजे ब्रेक शहाणे आहेत. त्यांना चुकीचा हुकूम मिळतोय,” तो म्हणाला. फ्यूज परत बसवून त्याने यंत्र जोडले, आणि मला सांगितले, “तुम्ही चालवू नका. तुम्ही ब्रेक जोरात मारता. काकांना बोलवा. कुठं थरथरतं ते त्यांच्याच पायाला माहीत.”

अण्णा आले. किल्ली माझ्या खिशात होती. ती काढून त्यांच्या हातावर ठेवताना मी रस्त्याकडे पाहत होतो.

मिस्त्री त्यांच्या शेजारी पडदा मांडीवर घेऊन बसला, मी मागे. अण्णांनी आपल्या नेहमीच्या मंद गतीने मोटार चालविली आणि हलकेच ब्रेकवर पाय टेकविला. पडद्यावर चारही चाकांचे आकडे एकत्र उतरत होते: बारा, अकरा, दहा. मग तिघे नऊवर असता डाव्या पुढच्या चाकाचा आकडा एकदम शून्याला गेला, आणि लगेच पुन्हा वर आला. “आत्ता,” अण्णा म्हणाले. मिस्त्री त्याच क्षणी म्हणाला, “आत्ता!” असे तीनदा झाले. तिन्ही वेळा दोघांचा उच्चार एकच.

चाक काढल्यावर विजेरीच्या उजेडात ती कडी दिसली. आमच्या खाऱ्या हवेने तिच्याखाली गंज चढून फुगला होता, आणि त्या फुगवट्याने ती एका ठिकाणी तडकली होती. फट इतकी बारीक की नखाची कड कशीबशी शिरावी. ती फट समोरून जाई तेव्हा दातांची मोजणी चुके, आणि सरळ चालणारे चाक घसरल्याचा भास संगणकाला होई. मोठ्या कारखान्यात बदललेला जुना सेन्सर बहुधा निर्दोषच होता. जे दिसले तेच त्याने सांगितले होते.

मिस्त्रीने छिन्नीने जुनी कडी फोडली, गंज खरवडला, नवी कडी तापवून ठोकून बसविली. कडीची किंमत जास्वंदीच्या कुंडीहून फारशी अधिक नव्हती. अण्णा तोवर बाकावर बसून त्याच्याशी आंब्याच्या मोहोराबद्दल बोलत होते. कुंडीचा विषय त्यांनी काढला नाही. मला काढता आला नाही.

घरी येताना तेच चालवीत होते. फाटकापाशी त्यांनी वेग पावलाइतका केला, अलगद ब्रेक दाबला, आणि मोटार नव्या कुंडीच्या वीतभर अलीकडे उभी राहिली. अण्णांनी किल्ली काढली, क्षणभर तळहातावर तोलली, आणि खुंटीवर न लावता आपल्या सदऱ्याच्या खिशात घातली.